जमीन बघायला मे महिन्यात जा

निवृत्ती जवळ आली की स्टाफरूममध्ये एक विषय हमखास निघतो. फंडाचे पैसे येतील, कुठंतरी दोन-तीन एकर जमीन घ्यावी, लहानसं घर बांधावं, चार झाडं लावावीत. मग एखाद्या रविवारी ओळखीच्या माणसाबरोबर जमीन बघायला जाणं होतं. हे जाणं बहुतेक वेळा ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये घडतं. ओढा खळखळत असतो, बांधावर गवत कमरेइतकं वाढलेलं असतं, विहीर काठोकाठ भरलेली असते. जागा आवडते आणि इसार दिला जातो.

त्या दिवसांत महाराष्ट्रातली जवळजवळ प्रत्येक जागा आवडण्यासारखीच दिसते. जमिनीची परीक्षा व्हायला अजून सात-आठ महिने अवकाश असतो. मे महिन्यात तोच ओढा दगडगोट्यांचा रस्ता झालेला असतो आणि विहिरीच्या तळाशी घागर बुडेल की नाही अशी शंका येते. म्हणून नव्या मुलुखात राहायला जाण्याआधी तो मुलूख कसा वाचावा, आणि तुकडा पाहण्याआधी प्रदेश का पाहावा, हे या लेखात समजून घेऊ. जमीन घ्यायची नसली तरी भूगोल आणि गणित एकत्र शिकवायला हा विषय चांगला आहे.

पाऊस : पंचवीस किलोमीटरचा फरक

महाबळेश्वर आणि वाई ही गावं सरळ रेषेत जेमतेम पंचवीस किलोमीटर अंतरावर आहेत. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मध्ये असलेल्या पाचगणीला त्याच्या साधारण तिसरा हिस्सा पडतो आणि खाली वाईला हजार मिलिमीटरही भरत नाही. आणखी पूर्वेला माण तालुक्यात दहिवडीकडे गेलं तर पाचशेच्या आसपास आकडा येतो. सातारा जिल्हा एकच, पण पाण्याच्या दृष्टीनं हे चार वेगळे देश आहेत.

कारण आपण नववी-दहावीला शिकवतोच. समुद्रावरून आलेली दमट हवा घाटावर चढताना थंड होते आणि आपलं पाणी तिथंच टाकते. घाट ओलांडून उतरताना ती तापते, त्यामुळं ढग विरळ होतात. यालाच पर्जन्यछाया म्हणतात. पण जमीन बघणारा माणूस मात्र ‘सातारा जिल्ह्यात पाऊस बरा आहे’ एवढ्यावर समाधान मानतो. जिल्ह्याचा आकडा आपल्या कामाचा नाही. तालुक्याचा, शक्य असेल तर महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा मिळवायला हवा.

सरासरीलाही फसू नये. समजा, एका गावात पाच वर्षांत ७००, ६५०, ३००, ८०० आणि ५५० मिलिमीटर पाऊस पडला. सरासरी येते ६००. ज्वारी-बाजरी घेणारा शेतकरी तिसऱ्या वर्षी पीक गमावतो आणि चौथ्या वर्षी पुन्हा पेरतो. आंब्याचं किंवा डाळिंबाचं झाड मात्र तिसऱ्या वर्षी वाळलं की आधीची सगळी वर्षं त्याच्याबरोबर गेली. घराचं आणि फळबागेचं भवितव्य सर्वांत वाईट वर्षावर ठरतं. म्हणून गावातल्या म्हाताऱ्या माणसांना नेमकं विचारावं : १९७२ला काय झालं? २००३ला टँकर लागला का? २०१२-१३ला आणि २०१५-१६ला किती महिने लागला? २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी न्यावं लागलं होतं. अशा वर्षी आपण बघत असलेल्या गावात काय परिस्थिती होती, ही माहिती कोणत्याही सरासरीपेक्षा मोलाची आहे.

एका एकराचा हिशोब

आता थोडं गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी बरोबर एक लिटर भरतं. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. ५०० मिलिमीटर पावसाच्या गावात एका एकरावर वर्षभरात सुमारे २० लाख लिटर पाणी पडतं.

आकडा मोठा वाटतो. पण यातलं बरंचसं पाणी वाफ होऊन जातं, काही वाहून जातं, काही मातीत थांबून पिकं आणि गवत शोषून घेतात. भूजलाचा अंदाज बांधताना बेसाल्टच्या प्रदेशात पावसाचा साधारण ६ ते १४ टक्के भाग खोलवर मुरतो असं धरतात. खाली भेगा नसलेला सलग कातळ असेल तर २ टक्क्यांच्या आसपासच. आपण सोयीसाठी १० टक्के धरू. म्हणजे एका एकराखाली वर्षाला २ लाख लिटर पाणी जमा झालं.

आता खर्चाची बाजू. चौघांचं कुटुंब माणशी रोज १०० लिटर वापरत असेल तर वर्षाला सुमारे दीड लाख लिटर लागतील. म्हणजे घर चाललं. पण उन्हाळ्यात एका एकराला पाणी द्यायचं ठरवलं तर? कडक उन्हात भरघोस वाढलेल्या पिकाची गरज दिवसाला ५ मिलिमीटर धरली तर एकराला रोज २०,००० लिटर लागतात. शंभर दिवसांचे झाले २० लाख लिटर. त्या एकरावर वर्षभरात पडलेला सगळा पाऊस अडवून ठेवता आला असता तरच हे जमलं असतं. जमिनीत मुरलेल्या पाण्यावर हे करायचं तर दहा एकरांवर मुरलेलं पाणी एका एकराला लागेल.

ठिबकनं किंवा पालापाचोळ्याच्या आच्छादनानं हा आकडा कमी होतो, झाडं लांबलांब असली तर आणखी कमी होतो. तरी हिशोबाची दिशा बदलत नाही. दोन एकर विकत घेऊन उन्हाळ्यातही हिरवी बाग ठेवणारा माणूस पाणी कुठून घेतो? वरच्या बाजूच्या, शेजारच्या, कधीकधी डोंगराच्या पायथ्याच्या जमिनीवर मुरलेल्या पाण्यातून. सातबाऱ्यावरची हद्द पाण्याला माहीत नसते. म्हणून तुकडा पाहण्याआधी प्रदेश पाहावा लागतो.

जमिनीच्या पोटात काय आहे?

महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून तो तयार झाला. वाळूच्या थरात कणाकणांमध्ये पाणी साठतं, तसं या खडकात साठत नाही. पाण्याला जागा मिळते ती तीन ठिकाणी : वरच्या कुजलेल्या खडकात, म्हणजे मुरमात; लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे राहिलेल्या सच्छिद्र, ठिसूळ थरात, ज्याला विहीर खोदणारे लोक मांजऱ्या म्हणतात; आणि घट्ट पाषाणाला पडलेल्या भेगांमध्ये. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं लाल गेरूचा थर असतो. मांजऱ्यातल्या पोकळ्या पुष्कळदा पांढऱ्या खनिजांनी भरून गेलेल्या असतात आणि मग तिथंही पाणी मावत नाही.

मावतं तेही किती थोडं, पाहा. कुजलेल्या बेसाल्टच्या थरातून आपल्याला उपसता येणारं पाणी त्याच्या घनफळाच्या सुमारे २ टक्के धरतात. पाण्यानं भरलेला पाच मीटर जाडीचा थर एका एकराखाली असला तरी त्यातून मिळणारं पाणी सुमारे ४ लाख लिटर. म्हणजे वरच्या हिशोबातल्या उन्हाळी एकराला वीस दिवस पुरेल इतकं.

हे थर बघायला वेधनयंत्र लागत नाही. रस्त्यासाठी कापलेली दरड, मुरमाची खाण आणि जुन्या विहिरीची उघडी भिंत ही भूशास्त्राची फुकट पुस्तकं आहेत. विहिरीत डोकावून पाहिलं की वरून किती फूट माती, किती मुरूम, कुठं मांजऱ्या आणि कुठून पाषाण हे सरळ दिसतं. पाणी झिरपल्याचा ओला पट्टा किंवा शेवाळाची रेघ कोणत्या थरात आहे तेही दिसतं.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशेही सोबत असावेत. त्यांवर वीस मीटर अंतराच्या समोच्च रेषा असतात, त्यावरून आपला तुकडा डोंगरधारेवर आहे, उतारावर आहे की खोलगटीत, हे कळतं. धारेवरचं पाणी दोन्ही बाजूंना निघून जातं, खोलगटीत ते जमा होतं. पाणी असलेला ओढा नकाशात निळा आणि कोरडा ओढा काळा दाखवलेला असतो. एवढ्या खुणेवरूनही प्रश्न विचारायला सुरुवात करता येते.

विहिरींची शिरगणती

आता प्रत्यक्ष गावात जाऊ, आणि मे महिन्यातच. आपल्या तुकड्याभोवतीच्या अर्ध्या-एक किलोमीटरमधल्या जितक्या विहिरी पाहता येतील तितक्या पाहाव्यात. मालकाला राम राम करून, परवानगी घेऊन. प्रत्येक ठिकाणी चार गोष्टी वहीत लिहाव्यात : विहिरीचा व्यास, काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर, पाण्याची खोली, आणि ‘मोटर आत्ता किती वेळ चालते?’ या प्रश्नाचं उत्तर. शेतकरी हे उत्तर लगेच देतो. ‘दिवाळीला दिवसभर चालते, आता अर्धा तास, मग परवा’ असं उत्तर आलं तर त्यात सगळं आलं.

उपसल्यानंतर पाणी परत किती वेळात चढतं, यावर विहिरीची खरी ताकद कळते. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाण्याचं घनफळ सुमारे २८ घनमीटर, म्हणजे २८,००० लिटर. एक मीटर उपसलेलं पाणी चोवीस तासांत परत चढलं, तर त्या विहिरीचं उन्हाळ्यातलं उत्पन्न रोज २८,००० लिटर. आपल्या मघाच्या हिशोबानं ती दीड एकरालाही पुरत नाही. तीच विहीर ऑगस्टमध्ये काठोकाठ, म्हणजे दहा मीटर भरलेली पाहिली असती तर दोन लाख ऐंशी हजार लिटर पाणी दिसलं असतं आणि मन भरून आलं असतं.

बोअरच्या बाबतीत खोली विचारावी, तीही वर्षवार. दहा वर्षांपूर्वी दीडशे फुटांवर लागत होतं, मग अडीचशे, आता चारशे फुटांवरही खात्री नाही, असं गावकरी सांगत असतील तर तिथली पातळी खाली चालली आहे. खोल भेगांमधलं पाणी भरून यायला वेळ लागतो. शिवाय बोअरमध्ये वरच्या भागात केसिंग नीट घातलेलं नसेल तर मुरमातलं उथळ पाणी त्या भोकातून खाली उतरतं आणि शेजारची जुनी विहीर आटते. आपल्या नव्या बोअरचा फटका कोणाला बसेल, हा प्रश्नही पाहणीतच विचारायचा असतो.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. जवळच्या निरीक्षण विहिरीच्या नोंदी मागून घ्याव्यात.

झाडं आणि पाणाड्या

उंबर, करंज, जांभूळ ही झाडं ओलाव्याच्या जागी वाढतात, ओढ्याकाठी ती ओळीनं दिसतात. सहाव्या शतकात वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त जमिनीखालचं पाणी शोधण्यावर ‘दकार्गल’ नावाचं प्रकरणच लिहिलं. त्यात झाडं, वारुळं, माती, खडक यांच्या खुणा दिल्या आहेत. त्यातली प्रत्येक खूण खरी असेल असं नाही, पण डोळे उघडे ठेवून मुलुखाकडे पाहण्याची ही पद्धत फार जुनी आहे. उन्हाळ्यात शेवटपर्यंत हिरवी राहणारी झाडांची रांग माळावरून तिरपी जात असेल तर खाली ओलावा धरणारी भेग किंवा कुजलेला पट्टा असण्याची शक्यता तपासण्यासारखी आहे.

पाणाड्याचं काय? हातावर नारळ उभा राहतो, काटकी फिरते, आणि दाखवलेल्या जागी पाणी लागतं, असं पुष्कळजण शपथेवर सांगतात. इथं विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा : त्याच शेतात न दाखवलेल्या दहा जागी खणलं असतं तर किती ठिकाणी पाणी लागलं असतं? जाड मुरमाच्या खोलगटीत बहुतेक ठिकाणी थोडंफार पाणी लागतंच. लागलेल्या विहिरींच्या गोष्टी गावभर होतात, कोरड्या बोअरची गोष्ट मालक स्वतःजवळ ठेवतो. यश आणि अपयश दोन्ही मोजल्याशिवाय कोणत्याही पद्धतीची परीक्षा होत नाही. वैज्ञानिक पद्धतीचा हा धडा शिकायला गावासारखी प्रयोगशाळा नाही.

काळी आणि पांढरी

जुन्या मराठीत गावाच्या जमिनीचे दोन भाग आहेत : शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. यामागे अनुभव आहे. काळ्या मातीतली चिकण ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. याच हालचालीनं उथळ पायाच्या भिंतींना तडे जातात, कुंपणाचे खांब कलतात. काळ्या रानात घर बांधायचं तर पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो, आणि मुरूम किती खोल आहे हे आधी खड्डा घेऊन पाहावं लागतं.

माती ओळखायची सोपी रीत अशी. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती घ्यावी, पाणी भरून जोरात हलवावी आणि ठेवून द्यावी. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, गाळ काही तासांत, आणि चिकण दिवसभरानंतरही पाणी गढूळ ठेवते. थरांची जाडी पट्टीनं मोजली की प्रमाणाचा अंदाज येतो. शिवाय फूटभर खोल खड्डा खणून, एकदा भिजवून, पुन्हा पाण्यानं भरावा आणि पाणी किती वेळात जिरतं ते पाहावं. संडासाचा शोषखड्डा चालेल की नाही, हे यावरून कळतं.

नदीकाठची काळी निवडणाऱ्यांची एक फार जुनी गोष्ट पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात सापडते. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथं शेतकऱ्यांची वस्ती होती आणि पुराचं पाणी वळवायला त्यांनी चर आणि बांध घातला होता. पुढं हवामान कोरडं होत गेलं तसं त्यांची चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेतीपेक्षा पशुपालनावर भर आला आणि शेवटी वस्ती उठली, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. पाणी पाहून येणं आणि पाणी सरलं की उठणं, हे इथं नवीन नाही.

कागद आणि शेजार

पाण्याची पाहणी झाल्यावर कागद पाहावेत. पश्चिम महाराष्ट्रात लागू असलेल्या १९४८च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३नुसार शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मराठवाडा आणि विदर्भासाठी याच धर्तीचे वेगळे कायदे आहेत. सातबाऱ्यावर क्षेत्रातला पोटखराबा किती, इतर हक्कांत कोणाचं नाव किंवा बोजा आहे, विहिरीत किती आण्यांचा हिस्सा आहे, जलसिंचनाचं साधन काय लिहिलं आहे, हे वाचावं. जुने फेरफार काढावेत, गटाच्या नकाशात रस्ता दाखवला आहे का ते पाहावं आणि व्यवहाराआधी सरकारी मोजणी करून घ्यावी. ‘सगळे याच वाटेनं जातात’ हे वाक्य पहिल्या भांडणापर्यंतच टिकतं.

पाण्याचेही कायदे आहेत. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीवर महाराष्ट्रात १९९३च्या कायद्यानं बंधन घातलं, पुढं भूजलाच्या विकासासाठी आणि व्यवस्थापनासाठी २००९चा कायदा झाला. तेव्हा गावाची पिण्याची विहीर आपल्या तुकड्यापासून किती अंतरावर आहे, हे पावलांनी तरी मोजून घ्यावं.

कायद्यापेक्षा गावाची शिस्त अधिक उपयोगी पडते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे कमी पावसाचं गाव दरवर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचं अंदाजपत्रक मांडतं आणि त्यावर पिकं ठरवतं. शेतीच्या सिंचनासाठी बोअर घ्यायची नाही, असा गावाचा नियम आहे. गावातली जमीन बाहेरच्याला विकायची नाही असंही गावानं ठरवलं. नवी जागा शोधणाऱ्याला हे ऐकून वाईट वाटेल. पण आपण वर केलेला हिशोबच त्या गावानं करून ठेवला आहे : पाणी मोजकं आहे, आणि नवा माणूस म्हणजे त्यात नवा वाटेकरी. जिथं गाव पाण्याचा हिशोब ठेवतं आणि तरीही आपल्याला सामावून घेतं, ती जागा हिरव्या ओढ्याच्या जागेपेक्षा भरवशाची समजावी.

वर्गासाठी उपक्रम

आपल्या गावातल्या किंवा शाळेजवळच्या दहा विहिरी निवडा. प्रत्येकीच्या कठड्यावर रंगानं एक खूण करा. ऑक्टोबरमध्ये आणि मे महिन्यात त्याच खुणेपासून दोरीला दगड बांधून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. कठडा नसलेल्या विहिरीजवळ मुलांना जाऊ देऊ नका, मोजमाप शिक्षकांनी करावं आणि मुलांनी नोंद करावी. गावाच्या नकाशावर प्रत्येक विहिरीजवळ दोन आकडे लिहा आणि त्यांतला फरक काढा. फरक कुठं कमी आहे? त्या विहिरी ओढ्याजवळ आहेत की तलावाखाली? फरक जास्त असलेल्या विहिरींच्या आसपास किती बोअर आहेत? पाच वर्षं हे काम चालवलं तर शाळेकडे असा नकाशा तयार होईल, की जमीन बघायला आलेला पाहुणा आधी शाळेत चौकशीला येईल, आणि गावालाही पुढच्या उन्हाळ्याचं नियोजन करायला तो वापरता येईल.